बटण बंद आहे, याला प्रमाण काय ?

न्यायशास्त्राची ज्यांस थोडीबहुत ओळख आहे, त्यांस पर्वतावरील धूर व त्यावरून ताडलेला अग्नि हें उदाहरण परिचयाचें असतें. डोळ्यांनीं पाहिलें तें प्रत्यक्ष, चिन्हावरून ताडलें तें अनुमान, आणि विश्वासू माणसाच्या तोंडून ऐकलें तें शब्दप्रमाण. चौथें उपमान ; पण त्याचें येथें काम नाहीं. शाळेंत संस्कृत शिकवितांना हा विषय निघाला कीं एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारी, "गुरुजी, याचा व्यवहारांत उपयोग काय ?" निवृत्तीच्या काळांत आम्हांस या प्रश्नाचें एक उत्तर सांपडलें आहे, आणि तें कोणत्याहि वादसभेंतील नसून घरांतल्या विजेच्या बोर्डावरचें आहे.

ज्या घरांत दहाबारा माणसें नांदतात त्या घरांत विजेचें किरकोळ काम महिन्याकांठीं एखादें तरी निघतेंच. कोठें दिव्याचा होल्डर सैल होतो, कोठें बटण कुरकुरतें, कोठें इस्त्रीची पिन लावली कीं सॉकेटांतून ठिणगी दिसते. एवढ्याशा कामासाठीं वायरमन वेळेवर येत नाहीं. मग घरांतील एखादा तरुण स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढतो. यांत वाईट कांहींच नाहीं. हात चालविणारा माणूस घरांत असावा हें भूषणच आहे. परंतु स्टुलावर चढलेल्या माणसाला आम्ही एकच प्रश्न विचारतों : "वीज बंद आहे, याला प्रमाण काय ?" धुरावरून अग्नि ताडतां येतो, विजेला तसें चिन्ह नाहीं. तिला रूप नाहीं, गंध नाहीं, आणि तिचा स्पर्श हेंच जर आपण प्रमाण धरूं लागलों तर पुढच्या वादाला माणूस शिल्लक राहील याचा भरंवसा नाहीं.

मूळ गोष्ट थोडक्यांत सांगतों. आपल्या घरांत वीज येते ती मुख्यतः दोन तारांनीं. एक फेज, जिच्यांत २३० व्होल्टचा दाब असतो, आणि दुसरी न्यूट्रल, जिच्यांतून प्रवाह परत जातो. तिसरी अर्थिंगची तार. ती रोजच्या कामाची नसून आपत्कालाची आहे. बटणाचें काम या मार्गांत खंड पाडण्याचें. हा खंड फेजच्या तारेंत पाडावा असा नियम आहे. तसें असलें म्हणजे बटण बंद करतांच दिव्यापर्यंत दाब पोंचत नाहीं. परंतु एखाद्यानें बटण चुकून न्यूट्रलच्या तारेंत घातलें, तर काय होतें ? बटण दाबलें कीं दिवा विझतो, दाबलें कीं लागतो. सर्व व्यवहार यथास्थित चालतो. मात्र दिवा विझलेला असतांनाहि फेजची तार थेट होल्डरांत येऊन बसलेली असते. 'दिवा विझला, म्हणून वीज गेली' हें अनुमान येथें फसतें. नैयायिकांच्या भाषेंत हेतु व्यभिचारी आहे. दिवा विझणें हें वीज असतांनाहि घडतें व नसतांनाहि घडतें.

हें केवळ पुस्तकी बोलणें नव्हे. आमचें घर जुनें, वायरिंगहि निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या हातांनीं झालेलें. माजघरांत आम्हीं एलईडी दिवा बसविला, तेव्हां कांहीं दिवसांनीं नातवाच्या लक्षांत आलें कीं, रात्रीं बटण बंद केल्यावरहि त्या दिव्यांत काजव्याएवढा उजेड राहतो. मुलांना मोठी गंमत वाटली. सूनबाई म्हणाल्या, "रात्रीं पाणी प्यायला उठलं तर तेवढाच आधार." आम्हांस मात्र ती गंमत वाटेना. बंद दिव्याची अशी मिणमिण होण्यास कारणें पुष्कळ असतात : कोठें बटणांतच लहानसा दर्शक दिवा असतो, कोठें दोन तारा लांबवर शेजारून गेल्यानें किंचित् दाब उतरतो ; पण बटण न्यूट्रलमध्यें आहे, हेंहि एक कारण असतें. पुढें तो होल्डर सैल झाला आणि पुतण्या नवा होल्डर घेऊन स्टुलावर चढला. "काका, बटण बंद केलंय, आतां काय व्हायचंय ?" असें तो म्हणाला. आम्हीं त्याला खालीं उतरविलें व होल्डरला आधीं टेस्टर लावावयास सांगितलें. बटण बंद, दिवा काढलेला, आणि टेस्टर लख्ख पेटला ! स्टुलावरचा तो मुलगा क्षणभर बोललाच नाहीं. त्याच हातानें तो होल्डरचे पेच सोडणार होता, आणि त्याचा दुसरा हात पंख्याच्या लोखंडी नळीला टेकलेला होता. दुसऱ्या दिवशीं वायरमननें बोर्ड उघडून तारांची अदलाबदल केली. अर्ध्या तासाचें काम. त्यानंतर दिव्यांतला काजवा नाहींसा झाला. हें पूर्वीं कोणी केलें, याचा शोध करण्यांत अर्थ नव्हता. घरांतील इतर बटणें तपासून घेण्यांत होता, व तीं आम्हीं तपासून घेतलीं.

दुसरें अनुमान याहून बळकट वाटतें, आणि म्हणूनच अधिक फसवें आहे. 'मेन स्विच पाडला, म्हणजे सगळ्या घराची वीज गेली.' पूर्वीं हें बहुतेक खरें असे. आतां घरोघर इन्व्हर्टर आले आहेत. इन्व्हर्टरचें कामच असें कीं, बाहेरची वीज गेली रे गेली कीं आपल्या बॅटरींतून दिव्यापंख्यांना तीच २३० व्होल्टची वीज पुरवावयाची. मेन स्विच आपण पाडला कीं त्या बिचाऱ्या यंत्राला वाटतें, वीज गेली ; आणि तें इमानेंइतबारें आपण हात घातलेल्या तारेंत वीज सोडतें. म्हणून इन्व्हर्टर असेल त्या घरीं मेन स्विचाबरोबर इन्व्हर्टरहि बंद केला पाहिजे. इन्व्हर्टरची पिन भिंतींतून काढून हें साधत नाहीं, कारण पिन काढली तरी बॅटरी आहेच. त्याचें स्वतःचें बटण बंद करावें.

तिसरें शब्दप्रमाण. मोठ्या कुटुंबांत त्याचा फार सुळसुळाट असतो. वरच्या मजल्यावरून कोणी ओरडतो, "बंद केलं का ?" खालून कोणी तरी "हो" म्हणतें. तें 'हो' कशाबद्दल होतें, हें कळण्याला मार्ग नाहीं. आणि समजा, खरोखरच मेन स्विच पाडलेला असला, तरी पांच मिनिटांनीं बाहेरून आलेला दुसरा कोणी 'अंधार कां ?' म्हणून तो वर करणार नाहीं, याची हमी कोण देणार ? यास्तव आमच्या घरीं नियम असा आहे कीं, ज्याचा हात तारेला लागावयाचा त्यानेंच स्वतःच्या हातानें खटका पाडावा, बोर्डावर 'काम चालू आहे, हात लावूं नये' असा कागद चिकटवावा, आणि एका जाणत्या माणसाला तेथें बसवावें. बसणाऱ्या माणसाला हें काम कंटाळवाणें वाटतें. पण घरांतील वडील माणसांना शोभेल असें याहून उपयुक्त काम दुसरें नाहीं.

आतां प्रत्यक्ष. टेस्टर लावून पाहणें हें प्रत्यक्ष खरें. पण प्रत्यक्षाचीहि परीक्षा करावी लागते. टेस्टरांतील निऑनचा दिवा आपल्या शरीरांतून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहानें लागतो. माणूस कोरड्या लांकडी स्टुलावर उभा असेल, वा बाहेर लख्ख ऊन असेल, तर टेस्टर लागलेला दिसत नाहीं. आणि टेस्टर बिघडलेला असला तर मुळींच लागत नाहीं. 'टेस्टर लागला नाहीं, म्हणून वीज नाहीं' हें पुन्हां अनुमानच झालें. म्हणून रीत अशी : ज्या खोलींत काम करावयाचें तिचा एमसीबी प्रथम पाडावा. मग दुसऱ्या खोलींतल्या चालू सॉकेटांत टेस्टर घालून तो लागतो हें पाहावें. नंतर कामाच्या जागीं प्रत्येक तारेला तो लावून पाहावा. नंतर पुन्हां चालू सॉकेटांत लावून तो अजून जिवंत आहे याची खात्री करावी. एवढें झाल्यावर मेन स्विच व इन्व्हर्टर दोन्ही बंद करून, एकदां शेवटचें टेस्टर लावून, मग कामास हात घालावा. तारांच्या रंगावर विसंबूं नये. लाल, पिवळी वा निळी फेजची, काळी न्यूट्रलची व हिरवी अर्थिंगची, असा आपल्याकडील संकेत आहे. परंतु जुन्या घरांत हाताशीं जी तार आली ती वापरल्याचीं उदाहरणें आम्हीं पाहिलीं आहेत. रंग हेंहि अनुमानच.

सॉकेट बदलण्याची कृति पाहूं. काम दिवसा करावें, हात व जमीन कोरडी असावी, पायांत रबरी चपला असाव्यात. नवें सॉकेट आयएसआय चिन्हाचें व जुन्याच क्षमतेचें आणावें. सहा अँपिअरच्या जागीं सहाचें, सोळाच्या जागीं सोळाचें. जुनें उघडल्यावर, तार सोडण्यापूर्वीं, मोबाइलवर तारांचें छायाचित्र काढून ठेवावें. तिन्ही तारा एकदम न सोडतां एकेक तार जुन्यांतून काढून नव्यांत बसवावी. सॉकेटाकडे तोंड करून पाहिलें असतां वरचें मोठें भोंक अर्थिंगचें, उजवीकडचें फेजचें व डावीकडचें न्यूट्रलचें. तारेचें टोंक काळें पडलें असेल तर तेवढें कापून टाकावें व स्वच्छ, चकचकीत तांबें लागेपर्यंत मागें यावें. सुमारें एक सेंटिमीटर तार सोलावी, तिचे पदर एकत्र पिळावेत, पेच घट्ट आंवळावा आणि मग प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी. ती हललीच तर पेच पुन्हां आंवळावा. उघडें तांबें पेचाच्या बाहेर दिसूं नये. झांकण पुरतें बसविल्याखेरीज मेन स्विच वर करूं नये. शेवटीं टेस्टरनें पाहावें : बटण चालू असतां टेस्टर फक्त उजव्या भोंकांत लागावा, आणि बटण बंद केल्यावर कोठेंच लागूं नये. बंद असतां लागला तर बटण न्यूट्रलमध्यें आहे असें समजून काम थांबवावें.

दिव्याच्या होल्डरबद्दल एक शब्द. आपल्याकडील दोन खुंट्यांच्या होल्डरांत कोणती तार कोणत्या टोंकाला, याला महत्त्व नाहीं. तेथें सारी सुरक्षितता बटण फेजमध्यें असण्यावर अवलंबून आहे. परंतु आंट्यांचा, म्हणजे दिवा फिरवून बसविण्याचा होल्डर असेल, तर फेजची तार मधल्या टिकलीलाच जोडली पाहिजे. बाहेरच्या आंट्यांना ती जोडली गेली तर दिवा फिरवितांना बोटें विजेला लागतील.

रोगाचीं लक्षणें ओळखणें हें औषधाहून महत्त्वाचें. सॉकेट गरम होणें, पिन सैल बसणें, चेहरा पिंगट वा काळा पडणें, जळका वास येणें, बटणांतून चरचर ऐकूं येणें, या सर्वांचें कारण बहुधा एकच : आंतला पेच वा पत्रा सैल झाला आहे. सैल सांध्यांत प्रवाहाला अडथळा होतो, अडथळ्यांत उष्णता निपजते, उष्णतेनें सांधा आणखी सैल होतो. प्रवाह दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते. दोन हजार वॅटचा गीझर सुमारें पावणेनऊ अँपिअर घेतो. त्याची जाड पिन लहान सॉकेटांत बसविण्यासाठीं बाजारांत जोडतुकडा मिळतो, आणि तो लावून सहा अँपिअरच्या सॉकेटावर गीझर वा शेगडी चालविणारीं घरें थोडीं नाहींत. असें सॉकेट जळलें कीं लोक नवें सॉकेट आणतात. जळण्याचें कारण तसेंच राहतें. एमसीबी वारंवार पडत असेल तर तो पुन्हां पुन्हां वर करणें, वा फ्यूजमध्यें जाड तार घालणें, म्हणजे ताप उतरेना म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखें आहे. सर्व पिना काढून एमसीबी वर करावा व एकेक उपकरण लावून पाहावें. कोणत्या उपकरणाला तो पडतो हें कळलें म्हणजे दोषी सांपडला. एकहि पिन नसतांना पडत असेल तर दोष भिंतींतल्या तारेंत आहे. आणि सॉकेटाच्या दोन्ही भोंकांत टेस्टर लागत असून उपकरण मात्र चालत नसेल, तर न्यूट्रल कोठें तरी तुटली आहे असें बहुधा समजावें. येथून पुढें काम वायरमनचें.

एमसीबी आहे म्हणून माणूस सुरक्षित आहे, हाहि एक गोड गैरसमज. एमसीबी तारांचें रक्षण करतो. सहा अँपिअरचा एमसीबी सहा हजार मिलिअँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो. माणसाच्या प्राणावर बेतण्यास त्याचा दोनशेवा भाग, म्हणजे तीस मिलिअँपिअरच्या आगेमागेचा प्रवाह पुरा होतो. माणसाचें रक्षण करणारें साधन निराळें. त्याला आरसीसीबी म्हणतात. फेजनें गेलेला प्रवाह न्यूट्रलनें तितकाच परत आला कीं नाहीं, याचा तें अखंड हिशेब ठेवतें. तीस मिलिअँपिअरची तूट दिसतांच सेकंदाच्या अंशांत वीज तोडतें. त्याच्यावर 'टी' अक्षराचें एक लहान बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबून साधन पडतें कीं नाहीं तें पाहावें. तथापि, एका हातांत फेज व दुसऱ्या हातांत न्यूट्रल धरणाऱ्याचें रक्षण हें साधनहि करूं शकत नाहीं. गेलेलें सर्व परत आलें असेंच त्याला दिसतें. मध्यें माणूस होता कीं दिवा, हें त्याला कळत नाहीं.

घरच्या माणसानें कोठवर जावें, याचा निर्णय आपल्या कायद्यानेंहि सूज्ञपणें केलेला आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत विजेचें काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवावें असें सांगून दिवे, पंखे, फ्यूज, बटणें व तत्सम वस्तु बदलण्याची तेवढी मोकळीक ठेविली होती. अट एवढीच कीं, त्या बदलानें संचाची क्षमता वा स्वरूप पालटतां कामा नये. पुढें २०१० सालीं नवे विनियम झाले, त्यांतहि ही मोकळीक राहिली. आम्हांस ही मर्यादा फार पटते. जुन्याच्या जागीं तसेंच नवें बसविणें हें गृहस्थाचें काम. नवें सॉकेट वाढविणें, गीझरची तार ओढणें, भिंतींत काळवंडलेली तार सांधणें, अर्थिंग नसलेल्या घरांत तें आणणें, हें जाणत्या वायरमनचें. नळाला वा फ्रिजला हात लावतां मुंग्या येतात असें घरांतील बायका सांगूं लागल्या, तर 'तुम्हांला उगीच वाटतें' असें म्हणूं नये. गीझर व तें उपकरण तत्काळ बंद करून वायरमनला बोलवावें. या बाबतींत त्यांचा हात हें घरांतील पहिलें प्रत्यक्ष प्रमाण आहे, आणि तें धुडकावण्यांत पुष्कळ घरांनीं आजवर धोका पत्करलेला आहे.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे कीं, मेन स्विच, एमसीबी व इन्व्हर्टर कोठें आहेत आणि ते कसे पाडावयाचे, हें घरांतील प्रत्येक समजत्या माणसास, सुनालेकींस व आजीसहि दाखवून ठेवावें. दुपारीं पुरुषमंडळी बाहेर असतांनाच बहुधा प्रसंग येतो. कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल तर त्याला स्पर्श न करतां प्रथम वीज तोडावी. तें अशक्य असेल तर कोरड्या लांकडी काठीनें त्याला तारेपासून दूर करावें, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि श्वास थांबला असेल तर ती येईपर्यंत छातीवर दाब देत राहावें. प्रत्येक एमसीबीखालीं कोणती खोली, तें स्वच्छ अक्षरांत लिहिलेली एक चिठ्ठी बोर्डाच्या झांकणाला आंतून चिकटवावी. तिला खर्च कांहीं नाहीं, एक रविवार पुरे. लिहितांना मात्र एकेक एमसीबी स्वतः पाडून, त्या त्या खोलींत जाऊन पाहून लिहावें. कोणी सांगितलें म्हणून लिहूं नये.